काम चालू, टीम बंद

"केतकी, आपल्या टीममध्ये सगळं चालतं. उशीर चालतो, कॅच सुटलेला चालतो, दुसऱ्याच्या डब्यातले पोहे संपवलेलेही चालतात. एकच चालत नाही. संघबांधणी कधी पूर्ण होणार, हे विचारायचं नाही."

दोहात आल्यावर पहिल्याच शुक्रवारी भागवतकाकांनी मला हा नियम सांगितला. मी नुकतीच जळगावहून आले होते. कॉलेजची सगळी वर्षं बेसबॉल खेळले होते, युनिव्हर्सिटीच्या टीमची पिचर होते. पिचर म्हणजे मैदानाच्या मधोमध उभी राहून बॅटरला बॉल टाकणारी; क्रिकेटमधल्या बॉलरची चुलतबहीण म्हणा. आयटीतलं काँट्रॅक्ट मिळालं, अल अझीझियात दोघींत एक फ्लॅट मिळाला आणि वर बेसबॉल खेळणारी चक्क एक मराठी टीम मिळाली. मला वाटलं, नशीब उघडलं.

"का नाही विचारायचं?" मी विचारलं.

"हाच तो प्रश्न," काका म्हणाले.

मला किस्से गोळा करायची सवय नाही. पण इथे खिडकी कितीही घट्ट लावा, फटीतून वाळू घरात येतेच. दख्खन डायमंड्सचे किस्से माझ्याकडे असेच साठत गेले. हा माझा इथला चौथा हिवाळा, आणि तो संपला की माझं काँट्रॅक्टही संपतंय. त्याआधी एकदा, फक्त एकदा, लीगच्या मॅचमध्ये पिचिंग करायचं, एवढीच माझी इच्छा होती. ती पूर्ण होईना, म्हणून निदान घर तरी झाडायला घेतलं. डोळ्यांत गेलं तर चोळू नका.

*

बेसबॉलमध्ये पहिल्या नंबरवर कुणाला बॅटिंगला पाठवतात? जो सगळ्यांत चपळाईने पळतो त्याला. हे जगभरात असंच आहे.

आमच्याकडे जो कतारला सगळ्यांत आधी आला, तो पहिला.

त्या हिशेबाने पहिले भागवतकाका. ते आले तेव्हा म्हणे कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, उंच इमारत म्हणून एकच हॉटेल होतं. दुसरे घाटगेकाका, कोल्हापूरचे, एसीच्या डक्टिंगचं काम करतात. तिसरे रत्नागिरीचे इस्माईलचाचा, हमद पोर्टला कंटेनरच्या यार्डात सुपरवायझर. मग बाकीची ज्येष्ठ मंडळी. शेवटून दुसरा प्रशांत, लातूरचा सिव्हिल इंजिनियर. आणि शेवटची मी.

मी एकदा म्हटलं, "काका, प्रशांत सगळ्यांत जोरात पळतो. त्याला पहिला पाठवू या का?"

काका हसले. "अगं, तो गेल्या वर्षी आलाय. लोक काय म्हणतील?"

कोणते लोक, हे मी आजतागायत शोधते आहे. समोर फिलिपिनो टीम बसली होती. त्यांना आमच्यातलं कोण कधीच्या विमानाने आलं, याची चौकशी करायला वेळ नव्हता. ते जिंकत होते.

*

आमची टीम मुळात क्रिकेटची. तिथल्या लीगमध्ये सारखी हरायला लागली, तेव्हा काकांनी अभ्यास करून असा खेळ शोधला, ज्यात आपले लोक कमी आहेत. म्हणजे हरलो तरी ओळखीच्यांत बोभाटा नको. खेळ बदलला, पण हात क्रिकेटचेच राहिले.

माझ्या पहिल्या मॅचमध्ये भागवतकाका बॅटिंगला आले. बॉल आला. काकांनी डावा पाय पुढे टाकला, मान खाली घातली, बॅट सरळ धरली आणि बॉल असा मऊपणे पायाशी पाडला की बघत राहावं. मग डावा हात वर करून खणखणीत आवाजात ओरडले, "नो रन!"

बेसबॉलमध्ये बॉल समोर पडला की तो पोचायच्या आत पहिल्या बेसवर, म्हणजे जमिनीवरच्या पहिल्या चौकोनी गादीवर, पळावंच लागतं. 'नो' म्हणायची सोय नाही. आणि पळायला दुसऱ्या टोकाला कुणी उभंही नसतं, त्यामुळे काका 'नो' नेमकं कुणाला म्हणाले, हाही एक प्रश्नच. समोरच्या पिचरने बॉल उचलला, काकांकडे पाहिलं, थोडी वाट पाहिली आणि पहिल्या बेसवर फेकला. आउट.

काका बाकावर येऊन बसले. "चांगला बॉल होता," ते म्हणाले. "उगाच रिस्क कशाला?"

घाटगेकाकांचं उलटं. ते पळतात, पण बॅट घेऊन. एकदा पहिला बेस हातभर राहिला असताना त्यांनी क्रिकेटसारखी बॅट लांब करून बेसला टेकवली आणि थांबले. अंपायर जपानी, अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी आउट दिलं. घाटगेकाका बॅट तशीच टेकवून उभे.

"टेकलीया न्हवं?" ते मला ओरडून म्हणाले. "सांग की त्येला, थर्ड अंपायरकडं जा म्हणावं."

*

आमचाही एक सुवर्णकाळ होता. दर नव्या माणसाला तो ऐकावा लागतो. मी येण्याच्या कितीतरी आधी दख्खन डायमंड्स लीगच्या सेमीफायनलला पोचली होती. भागवतकाकांच्या दिवाणखान्यात त्याचा फ्रेम केलेला फोटो आहे. फोटोत सगळे काळ्या केसांचे आहेत आणि धुळीने माखलेले आहेत.

"केवढं घासून खेळला असाल ना," मी म्हटलं होतं.

काका फोटोकडे बघत म्हणाले, "ते दिवसच वेगळे होते."

पुढे एकदा इस्माईलचाचांच्या गाडीतून येताना मी त्यांना विचारलं, "चाचा, क्वार्टर फायनलला कुणाला हरवलं होतं?"

"कुणालाच नाय गो."

"म्हणजे?"

"शमाल सुटला होता. एवढी धूळ, की हात दिसंना. समोरची टीम गाड्या वळवून घरी गेली. आम्हाला निरोप पोचलाच नाय. आम्ही आपले दुपारपर्यंत ग्राउंडवर उभे. अंपायर शोधत आला आणि म्हणाला, तुम्ही जिंकलात."

"आणि सेमीफायनल?"

"त्या दिवशी हवा चांगली होती," चाचा म्हणाले आणि त्यांनी सिग्नलला गाडी थांबवली.

*

भागवतकाका प्रोजेक्ट मॅनेजर आहेत. दर वर्षी मोसमाच्या आधी अल रय्यानच्या त्यांच्या व्हिलामध्ये टीमची मीटिंग होते, आणि काका टीव्हीला लॅपटॉप जोडून संघबांधणीचं प्रेझेंटेशन देतात. फेज वन, पाया. फेज टू, उभारणी. फेज थ्री, यश. खाली बाण, वर बाण, मध्ये क्रेनचं चित्र.

पहिल्या वर्षी मला ते आवडलं होतं. दुसऱ्या वर्षी आम्ही पुन्हा फेज वनमध्ये होतो. तिसऱ्या वर्षीही. फक्त क्रेनचं चित्र नवीन होतं.

प्रश्न विचारायचा नाही, हा नियम. म्हणून मी दुसरंच विचारलं. "काका, तुमच्या ऑफिसात तीस मजली टॉवर उभा करायला किती वेळ लागतो?"

काका खुलले. "आम्ही दिलेल्या मुदतीच्या आधी देतो. एकही प्रोजेक्ट लांबलेला नाही माझा."

"मग नऊ माणसांच्या टीमलाच इतकी वर्षं का लागतायत?"

प्रशांतने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि तो तिथेच धरून ठेवला.

"तिथे क्लायंट असतो गं," काका म्हणाले. "तो डोक्यावर बसतो. इथे कोण आहे?"

"मी आहे की. दर शुक्रवारी पहाटे उठून येते, बघते, घरी जाऊन अंगातली वाळू धुते. मीच क्लायंट."

स्वयंपाकघरातून भागवतकाकूंचा आवाज आला. "तू क्लायंट नाहीस बाई, तू लेबर. चल, ताटं मांड."

*

आता घाटगेकाकांचं पिचिंग.

त्यांचा बॉल सावकाश येतो. सावकाश म्हणजे किती, तर बॅटर बॅट फिरवून, चुकून, पुन्हा सावरून उभा राहतो, तेव्हा बॉल पोचतो. त्यामुळे मॅचच्या सुरुवातीला एखाद-दुसरा गडी खरंच फसतो. बाकावर टाळ्या पडतात. काका माझ्याकडे वळून म्हणतात, "बघितलंस? अनुभव!"

त्यानंतर समोरच्यांना अंदाज येतो आणि बॉल कार पार्किंगमध्ये जायला लागतात.

एकदा असाच एक बॉल कुंपणावरून जाऊन कुणाच्या तरी लँड क्रूझरच्या टपावर आपटला. मी तो शोधून आणला आणि घाटगेकाकांच्या हातात देता देता म्हटलं, "काका, तुमचा खांदा दुखतोय. एक इनिंग मला द्या ना."

"दुखतोय तर हायच," ते म्हणाले. "पर तुज्यावर वज्झं कशाला टाकू, पोरी? पिचिंग म्हंजी जबाबदारी असती. त्यो बॉल किती लांब गेला बघितलास न्हवं?"

"हो."

"त्येवढा जोर बॉलमदी टाकायला येळ लागतो."

मी उजव्या बाजूच्या कोपऱ्यात माझ्या जागेवर परत गेले. तिथे बॉल कधी येत नाही. सावलीही नाही.

*

फिलिपिनो टीमची पिचर मारिसा नावाची नर्स आहे. नाइट ड्यूटी संपवून थेट ग्राउंडवर येते, पिचिंग करते आणि घरी जाऊन झोपते. मॅचनंतर मी प्रशांतला थोडा वेळ बॉल टाकते, कारण तो कॅचर, म्हणजे पिचरचा बॉल झेलणारा. एका शुक्रवारी मारिसा ते बघत उभी राहिली.

"तू पिचर आहेस," ती इंग्रजीत म्हणाली. विचारत नव्हती, सांगत होती.

"होते."

"मग मॅचमध्ये ते अंकल का टाकतात?"

"ते आमचे सीनियर आहेत."

"आणि तू?"

"मी टीमचं भविष्य आहे. तसं सगळे म्हणतात. मी आल्यापासून म्हणतात."

मारिसाने बॅग खांद्याला लावली, जांभई दिली आणि विचारलं, "बरं. मग तुझी शिफ्ट कधी सुरू होते?"

तिने मला त्यांच्या टीममध्ये यायलाही सांगितलं होतं. मी दोन दिवस विचार केला. पण खोटं कशाला बोलू, मला दख्खन डायमंड्सच्याच शर्टात पिचिंग करायचं होतं. जी टीम हरताना चार हिवाळे उन्हात उभी राहिले, तिच्यासाठी एकदा तरी गडी बाद करायचा होता. याला काय म्हणतात मला माहीत नाही. जळगावला आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "याला हट्ट म्हणतात."

आणि बाबा, ज्यांचा नंबर काकांनी माझ्याकडून कधीच मागून घेतला होता, म्हणाले, "भागवतचा मेसेज आला होता. तू फार प्रश्न विचारतेस म्हणे."

*

याच हिवाळ्यात प्रशांतचा प्रोजेक्ट संपला. त्याने व्हिसा रद्द करून गावी जायचं ठरवलं. टीमने निरोप समारंभ ठेवला. शाल, नारळ, काकूंची अळूवडी आणि भाषणं.

भागवतकाका म्हणाले, "प्रशांत म्हणजे आमच्या संघबांधणीचा पाया. येत्या काही वर्षांत त्याला वरच्या क्रमांकावर खेळवायचा आमचा विचार होता."

घाटगेकाका म्हणाले, "हा पोरगा म्हंजी उद्याचा कॅप्टन."

तिसऱ्या एका काकांनी तर त्याला टीमचा आधारस्तंभ करून टाकलं. आधारस्तंभ शाल पांघरून, हातात नारळ घेऊन खुर्चीवर बसला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचं विमान होतं. शेवटी सगळे म्हणाले, दोन शब्द बोल.

प्रशांत उठला. एरवी तो फार बोलत नाही.

"लई चांगलं बोललात सगळे," तो म्हणाला. "माझं एकच सांगणं हाय. भविष्य उद्याच्या फ्लाइटनं लातूरला चाललंय. तुमच्यापाशी भूतकाळ हायच, तेवढा नीट सांभाळा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घाटगेकाकांनी डोळे पुसले. मला म्हणाले, "काय बोलला बघ पोरगा. मनापासनं."

*

आणि हा गेल्या शुक्रवारचा. मोसमाची शेवटची मॅच, समोर मारिसाची टीम. माझीही शेवटची.

भागवतकाकांनी प्रमुख पाहुणे बोलावले होते. दोहातले एक मोठे मराठी व्यापारी, बरोबर फोटोग्राफर. आमच्या लोकांनी नेहमीप्रमाणे बॅटरच्या प्लेटवर, म्हणजे तिच्या पायाशी जमिनीत बसवलेल्या पांढऱ्या पाटीवर, नारळ फोडला. जपानी अंपायरनी नेहमीप्रमाणे खिशातून छोटा ब्रश काढून प्लेट पुसली. मग काका माझ्याकडे आले.

"केतकी, आज पहिला बॉल तू टाकायचास. पाहुण्यांना दिसलं पाहिजे, आपल्याकडे मुलींना पूर्ण वाव आहे. एक बॉल टाक, फोटो होऊ दे. मग घाटगे येतील."

"फक्त एक बॉल?"

"फोटोला एकच लागतो."

मैदानाच्या मधोमध जाऊन उभी राहिले. प्रशांत गेल्यापासून कॅचर म्हणून इस्माईलचाचा बसतात. गुडघे धरत धरत ते खाली बसले. पहिली बॅटर मारिसा. ती हसत होती.

मी बॉल टाकला. मारिसाने बॅट उचलायच्या आत तो चाचांच्या ग्लोव्हमध्ये जाऊन वाजला. चाचांनी ग्लोव्ह काढला आणि तळहातावर फुंकर घातली.

"काय गो," ते म्हणाले. "हाताची साल काढलीस की माझ्या."

फोटो झाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. घाटगेकाका खांदा फिरवत आत यायला लागले, तेवढ्यात अंपायरनी हात आडवा धरला. मॅच सुरू करणाऱ्या पिचरला पहिला बॅटर तरी पूर्ण खेळवावा लागतो. तो बाद होईपर्यंत किंवा बेसवर पोचेपर्यंत पिचर बदलता येत नाही. पुस्तकातला नियम आहे. आमच्या टीममध्ये तो कुणाला माहीत नव्हता, कारण आमच्याकडे पहिल्या बॅटरला पिचर बदलायची वेळच कधी आली नव्हती.

"मला माहीत होतं," मी बाकाकडे वळून भागवतकाकांना सांगितलं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही फोटोबद्दल बोलत होता."

घाटगेकाका बाहेर गेले. मी पुन्हा बॉल टाकला. मारिसाचं हसू थांबलं. तिने बॅट घट्ट धरली, एक बॉल जेमतेम बाजूला काढला, बाहेर जाणारा एक सोडला. मग मी कॉलेजात जमवलेला, शेवटच्या क्षणी खाली बसणारा बॉल टाकला. चार हिवाळे मी तो कुणालाच टाकला नव्हता. मारिसाने पूर्ण ताकदीने बॅट फिरवली आणि तिथे काहीच नव्हतं. बेसबॉलमध्ये तीनदा चुकलं की बॅटर बाद; ही तिसरी वेळ. आउट.

मारिसा जाताना मला म्हणाली, "शिफ्ट सुरू झाली वाटतं." आमच्या बाकावर काकू उभ्या राहिल्या. पाहुणे बाजूच्याला विचारत होते, ही कोण?

भागवतकाका मैदानात चालत आले. मागून घाटगेकाका. मग टीममधले बाकीचे काकाही आपापली जागा सोडून जमले. माझ्याभोवती सगळी ज्येष्ठ मंडळी गोल करून उभी.

"छान," भागवतकाका म्हणाले. "फार छान. आता खलास. आण तो बॉल."

त्यांनी हात पुढे केला.

"नाही," मी म्हटलं.

"केतकी, पाहुणे बघतायत."

"बघू देत."

"पुढच्या वर्षी आपण बसून नीट ठरवू. तुझा नंबर नक्की आहे."

"पुढच्या वर्षी मी इथे नाही, काका. आज आहे. आज मी हा बॉल देणार नाही. पुढच्या बॅटरनंतरही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तुम्हाला मला मैदानाबाहेर काढायचं असेल, तर अंपायरना तसं सांगा. त्यांच्यासमोर, पाहुण्यांसमोर. कारणही सांगा."

काकांचा हात तसाच पुढे होता. त्यांनी घाटगेकाकांकडे पाहिलं. घाटगेकाकांनी खांदा फिरवायचं थांबवलं. त्यांनी इस्माईलचाचांकडे पाहिलं. चाचा आपल्या लाल झालेल्या तळहाताकडे बघत होते.

अंपायर प्लेटमागून चालत आले आणि विचारलं, "काही बदल?"

मी काकांकडे पाहत राहिले. त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला, आणि चाचा ग्लोव्ह चढवत प्लेटमागे बसायला निघाले.